मक्याला काहीच का झालं नाही?

"माझ्या भाजीवर कुणीतरी विष घातलंय," निवृत्त मास्तर दारातूनच म्हणाले. "कुणी ते ठाऊक आहे. पुरावा तेवढा हवा."

खासगी तपास करणाऱ्या ताईंनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी, वही उघडून बसले.

"कुणी?"

"माळीदादांनी. बावीस वर्षं विश्वास ठेवला! गल्लीतल्या चार घरांना सावध केलं मी. चौघांनीही त्यांना काढलं. आज मीही काढणार."

ताई थेट बागेत गेल्या. टोमॅटो आणि घेवड्याची कोवळी पानं मूठ आवळावी तशी वळली होती. त्याच वाफ्यात मका मात्र डौलात उभा. सगळ्यांच्याच मुळांशी वाळक्या गवताचा जाड थर. पलीकडे गुलाबांखाली पालापाचोळा, गुलाब टवटवीत.

माळीदादा झारी धरून उभे होते. "याच झारीनं सगळ्यांना पाणी घालतो, ताई. ओल टिकावी म्हणून दर उन्हाळ्यात पाला अंथरतो. यंदा मास्तर म्हणाले, भाजीतला पाला उचला, उडतो. मग हे गवत आलं."

कुंपणापलीकडून शिंपीण म्हणाली, "पाला माझ्या कापडांवर यायचा म्हणून भांडले मी. पण टोमॅटोंशी काय वैर? दर आठवड्याला मलाच मिळायचे."

"हीच ती!" दाजी कुजबुजले.

"फुकटचे टोमॅटो कोण मारतं, दाजी?"

तेवढ्यात मास्तरांचा भाचा आला. खेळाच्या मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती. "मामा, अजून दोन पोती गवत आणू? आमच्याकडचं एकदम स्वच्छ. रुंद पानाचं काही उगवूच देत नाही आम्ही!"

ताईंनी घेवड्याचं बी आणि मूठभर गवत मागून घेतलं. "मास्तर, तीन आठवडे माळीदादांना काढू नका."

तीन आठवड्यांनी त्यांनी सगळ्यांसमोर दोन कुंड्या ठेवल्या. एकीतली रोपं सरळ, दुसरीतली पिळवटलेली.

"माती एक, बी एक, पाणी एक. दुसरीत फक्त हे गवत घातलं. कुंड्या माझ्या घरी होत्या. माळीदादांचा हातही लागलेला नाही."

"म्हणजे गवतात विष?" दाजींनी विचारलं. "मग मका कसा वाचला, मेहुणीबाई?"

"मका गवताच्याच कुळातला. झारीत विष असतं तर गुलाबही गेले असते. या गवतावर तण मारायचं औषध फवारलेलं आहे, ते गवताला सोडतं आणि रुंद पानांना मारतं. मैदानासारखं नुसतं गवतच हवं असतं तिथे ते वापरतात."

भाच्यानं वाकून पिळवटलेलं पान हातात घेतलं. "पण फवारणीला दोन महिने झाले होते. गवत तर पार वाळलं होतं!"

"गवत वाळलं, औषध गेलं नाही. तू मामांसाठीच आणलंस, कळतंय मला. आता ते उचल. खताच्या खड्ड्यातही टाकू नकोस."

"मग अंथरायचं काय?" दाजी.

"माळीदादांचाच पाला. ओला करून, वर काटक्या ठेवून. उडणार नाही."

मास्तर उठले. मग त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?" माळीदादांनी विचारलं.

"त्या चार घरी. माझ्याच तोंडानं तुमचं काम गेलं, माझ्याच तोंडानं सांगतो."

"थांबा," माळीदादा हात धूत म्हणाले. "तिसऱ्या घरचं कुत्रं तुम्हाला ओळखत नाही. मी येतो."