ठकीचं रडणं

बाळ रडत नाही अशी तक्रार घेऊन येणारी आई सिस्टरांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. रडण्याने हैराण झालेल्या आया त्यांना रोज भेटत आणि त्यांच्यासाठी सिस्टरांच्या पिशवीत पोटदुखीच्या थेंबांपासून चार शहाणपणाच्या गोष्टींपर्यंत सगळं तयार असे. पण मारहाणीतून सुटून आलेल्या बायका-मुलांच्या त्या आसऱ्याच्या घरात, जिन्यालगतच्या खोलीत, एक आई आठ महिन्यांची लेक मांडीवर घेऊन म्हणाली, "हिला एकदा रडवा ना, सिस्टर."

मुलीला त्या घरात सगळे ठकी म्हणत. नाव तिथलं सगळं पाहणाऱ्या मावशींनी ठेवलेलं, कारण लाकडी बाहुलीसारखी ती ठेवावी तिथे पडून राही. वजन चांगलं, भूक चांगली, नजर चौकस. रडायचीही अगदी रीतसर. ओठ मुडपायचे, चेहरा लालबुंद व्हायचा, तोंडाचा आ व्हायचा, गालांवरून पाणी ओघळायचं. आवाज तेवढा नसे. सिस्टरांनी तिच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला, तर ती लगेच वळली, म्हणजे कान शाबूत होते. डॉक्टरांनी घसा पाहिला, तोही ठणठणीत. लस टोचायच्या दिवशी बाकीच्या मुलांनी भोकाड पसरलं आणि ठकीने मोठ्ठा आ करून खोलीभर नुसती शांतता सोडली.  सिस्टरांनी कापूस दाबून धरला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

आईने कारण सांगितलं, पण नजर जमिनीवरून उचलली नाही. नवऱ्याच्या घरात मूल रडलं की त्याचं डोकं फिरायचं, आणि ते फिरल्यावर काय व्हायचं हे तिच्या मनगटाच्या वाकड्या जुळलेल्या हाडावरून कोणालाही समजलं असतं. म्हणून लेकीचा ओठ मुडपला रे मुडपला की ती तिच्या तोंडावर हात ठेवायची. कधी हात, कधी दुपटं, कधी उशीचा कोपरा.

"तिचं रडणं तिथेच राहिलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी परत जाणार. तिथे रडेल ती."

"अगं, रडणं म्हणजे काय छत्री आहे, विसरून यायला?" सिस्टर म्हणाल्या. आई हसली नाही. सिस्टरांनाही हसू येत नव्हतं. लोक आगीतून फुफाट्यात पडतात, ही तर आगीतून निघून पुन्हा आगीतच चालली होती. अशीच परत गेलेली एक बाई त्यांनी नंतर पांढऱ्या चादरीखाली पाहिली होती. त्या चिडल्या, मग समजावून थकल्या, आणि ठकी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

दुपारी त्यांची घरोघरची फेरी असे. योगायोग म्हणा, की पायांनाच वाट माहीत होती म्हणा, नव्या बाळंतिणीचं घर त्याच इमारतीत निघालं, ठकीच्या बापाच्या घराच्या बरोबर खाली. जिन्यात पिवळट ऊन साचलं होतं आणि कुठेतरी कोणाचा तरी रेडिओ झोपेत बोलल्यासारखा बोलत होता. बाळाचं वजन झालं, नाळ बघून झाली. बाळंतिणीच्या सासूने छताकडे बोट केलं.

"वरची आली वाटतं परत. दिवसभर पोर रडतंय. आधी मेलं हूं की चूं नव्हतं."

सिस्टरांनी कान दिला. रडणं स्वच्छ ऐकू येत होतं. भुकेचं नव्हे, पोटाचंही नव्हे. रडण्याच्या सगळ्या जाती त्यांना ओळखता येत. हे भ्यालेल्या मुलाचं रडणं होतं, आणि मध्येच कोणी तोंड दाबावं तसं ते तुटत होतं.

अशा पुरुषाच्या दारात एकटीने जायचं नाही, हा नियम त्या स्वतःच नव्या मुलींना शिकवत. तरी त्या वर गेल्या. मूल रडत असताना हात बांधून बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

दार उघडंच होतं. बापाने गणवेशावरून त्यांना ओळखलं, अदबीने उठून आत बोलावलं. शर्ट इस्त्रीचा, भांग नीट पाडलेला. खोली मात्र पार विस्कटलेली. कपाटं सताड उघडी, गाद्या फाडलेल्या, जमिनीवर कापूसच कापूस.

"सापडत नाहीये, सिस्टर," तो मऊ आवाजात म्हणाला. "सगळीकडे शोधलं. तुम्ही बघता का?"

पाळणा गप्प होता. रडणं खिडकीजवळच्या उशीतून येत होतं.

सिस्टर वाकल्या. कसं उचलायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. वजन नव्हतं, पण ऊब होती. खांद्यावर घेऊन थोपटलं तसं ते हुंदक्यांवर आलं.

बापाने वाट अडवली नाही. तो बाजूला सरला आणि समाधानाने हसला.

बाहेर रस्ता उन्हात तरंगत होता. गाड्या आवाज न करता जात होत्या. रिकामा हात खांद्याशी वाकवून सिस्टर बसमध्ये चढल्या, तेव्हा एका म्हाताऱ्याने उठून त्यांना जागा दिली आणि म्हणाला, "सांभाळून हं." कोणी वळून पाहिलं नाही, कोणी हसलं नाही. पाठलाग होत नाही ना, हे त्या मात्र पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होत्या. मागे कोणीच नव्हतं.

आसऱ्याच्या घरात आईने पिशवी भरायला घेतली होती. सिस्टर थेट खोलीत शिरल्या. ठकीवर वाकल्या आणि हात मोकळे केले.

ठकी रडली.

छप्पर उडेल अशी रडली. स्वयंपाकघरातली भांडी थांबली, बायका दारात गोळा झाल्या, मावशी डोळे पुसू लागल्या. कोणीही तिला गप्प केलं नाही. आईने पिशवीतले कपडे एकेक काढून परत फळीवर ठेवले.

"आता नाही जात," ती म्हणाली.

सिस्टरांना इतकं हलकं वाटलं की त्याही रडल्या.

बऱ्याच वेळाने ठकी दमली. एक लांब उसासा टाकून तिने खोली पाहून घेतली. खिडकी, पलंग, बायका, दाराची कडी. मग आईकडे बघून तोंड उघडलं.

"कुठे गेली होतीस?" तिने विचारलं. मऊ, हळू, मोठ्या पुरुषाच्या आवाजात.

कोणी हललं नाही.

आई तेवढी उठून उभी राहिली. नजर खाली गेली, हात पुढे जुळले.

"कुठे नाही," ती म्हणाली. "इथेच होते."