तीन-तीन दोष

मार्च महिन्यात आमच्या काराकोल शहराच्या आभाळाला पाऊस पाडायचा की बर्फ, हे ठरवता येत नाही. मग ते दोन्ही पाडतं. अशाच एका भिजक्या दुपारी आयझादा एका अजून न उघडलेल्या बेकरीच्या दारात आडोशाला उभी राहिली. आत बेकरीवाला कुबात नवी विजेची भट्टी लावून बघत होता. भट्टी लागली... आणि दिवा लुकलुकला.

"तुमचा दिवा डोळा मारतोय."

"तो मारतोय. मी सभ्य माणूस आहे."

"विजेची पेटी कुठंय?"

ती वीज खात्याची तपासनीस निघाली. तिच्या सहीशिवाय भट्टी चालवता येणार नव्हती, आणि नोरूझचा, म्हणजे नववर्षाचा, सण तीन आठवड्यांवर आलेला. सण हुकला की बेकरीचं वर्ष बुडालं.

झाकण उघडून ती पेटीकडे बघत राहिली. कुबात तिच्याकडे. तिच्या पापणीवर बर्फाचा एक कण विरघळत होता — त्याबद्दल काही नियम नसावा.

"तांब्याची वायर अ‍ॅल्युमिनियमला पीळ मारून जोडलीय, तापेल. बारीक वायरीवर बत्तीस अँपिअरचा एमसीबी. वायर जळेल, हा पडणार नाही. अर्थिंग तर कुठंच गेलेलं नाही. कुणी केलं हे?"

"मीच."

"वाटलंच. आत्मविश्वास दिसतोय."

भट्टी बंद ठेवायला सांगून ती गेली. कुबातने तिन्ही दोष काढले. ती परत आली, तिने त्याच्या घरची तंदूरची रोटी खाल्ली, आणि आणखी तीन लिहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन.

"एमसीबींवर नावं नाहीत. कुठला कशाचा, कळायला हवं."

"मला पाठ आहेत."

"आणि तुम्ही नसताना?"

"मी कुठं जातोय?"

ती लाल झाली... आणि तेही लिहून गेली.

"बावळटा," शेजारचा चांभार म्हणाला, "तपासनीस तीनतीनदा येते म्हणजे तिला काहीतरी हवंय!" हे अगदी खरं होतं. काय हवंय, एवढंच अख्ख्या गल्लीला कळलं नाही.

सणाला चार दिवस उरले तेव्हा कुबात एक गलेलठ्ठ मेंढा घेऊन तिच्या घरी गेला. इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण मेंढा घेऊन दारात आला, तर आमच्याकडची कुठलीच आई विजेचा विचार करत नाही. आयझादाच्या आईने मेंढा फाटकाला बांधायला लावला आणि चहा ओतला.

आयझादा घरी आली, तेव्हा कुबात घामाघूम होऊन आईने विचारलेली सात पिढ्यांची नावं सांगत होता.

"मेंढा कशासाठी?"

"सहीसाठी," तो मान खाली घालून म्हणाला.

"लाच? मला?" तिचा आवाज चढला.

"मग दर वेळी तीनच का? बाकीचे पहिल्या दिवशी दिसले नव्हते?"

तिने बॅगेतून एक कागद काढला. तारीख पहिल्या दिवसाची. दोष अकरा, एकाखाली एक.

"जीवघेणे तीन त्याच दिवशी सांगितले," ती पुटपुटली. "बाकीचे थांबू शकत होते. मी... नाही."

कुबात उठला, अंगणात गेला आणि मेंढा सोडू लागला. "लाच परत नेतो. पण लाच नसेल तर?"

"तर असं एकट्यानं यायचं नसतं," आई खिडकीतून म्हणाली. "आईला घेऊन ये!"

आयझादाने त्याच्या हातातून दोर घेतला आणि मेंढा पुन्हा फाटकाला बांधला.

"उरलेले दोन दोष आज काढ. सकाळी दुसरा तपासनीस येईल."

"दुसरा का? तू का नाही?"

"घरच्या माणसाची पेटी तपासता येत नाही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नियम आहे."