काचेपलीकडून

पहिल्याच भेटीत दोघांची जुंपली. एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत लोणावळ्याच्या एका मिशन शाळेतले बाक हलवून खाटा मांडल्या होत्या. प्रभुभोजनाच्या विधीतला द्राक्षारसाचा चांदीचा प्याला घेऊन आलेल्या दीनानाथ या तरुण पाद्र्याला नर्स सालोमीनं दारातच अडवलं.

"एकाचा उष्टा प्याला दुसऱ्याला चालणार नाही."

"प्रभूच्या प्याल्यातून रोग पसरतो?" दीनानाथ हसला. "तुमची श्रद्धा दुर्बिणीत अडकली वाटतं."

"सूक्ष्मदर्शकात," ती म्हणाली. "जंतू ज्यानं घडवले, त्यानंच ते उकळत्या पाण्यात मरतील असा नियम घातला. मी त्याचंच ऐकते... तुम्ही?"

दुसऱ्या दिवसापासून तो भाकरीचा तुकडा द्राक्षारसात बुडवून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवू लागला. प्याला उकळायला मात्र रोज स्वतः तिच्या चुलीपाशी यायचा.

"ते तोंडावरचं फडकं सुटतं तरी कधी?" त्यानं एकदा विचारलं.

"साथ सरली की."

"म्हणजे तोवर नुसत्या डोळ्यांवर भागवायचं..."

फडक्याआड ती लाजली. बाहेर बैलगाड्यांतून मढी जात होती, आणि हिचं मन त्याच्या पावलांची चाहूल घेत होतं. तिला स्वतःचाच राग यायचा.

मग वडिवळ्याची रतनबाई आली. अंग तापानं नुसतं फणफणत होतं.

"पादरीबाबा, प्याल्यालाच व्हट लावू द्या. म्या काय आता वाचत न्हाई."

त्याच्यानं नाही म्हणवेना. ती प्याली. उरलेला द्राक्षारस पाद्र्यानंच संपवायचा, अशी रीत.

"मातीत ओता," सालोमी कळवळून म्हणाली. "मातीही प्रभूचीच आहे."

"तुमचं पटतं मला..." तो हळूच म्हणाला, "पण हात धजत नाही." आणि त्यानं प्याला ओठांना लावला.

दोन-तीन दिवसांतच सालोमी तापलेल्या दीनानाथच्या खाटेशी बसली होती.

"चुकलो मी," तो धापा टाकत म्हणाला. "अक्कलही देवानंच दिली होती... सालोमी, साथ सरल्यावर लग्न करशील माझ्याशी?"

"करीन."

"मग एकदा चेहरा—"

तिचा हात फडक्याच्या गाठीकडे गेला. मागे खोलीभर माणसं तिच्याच भरवशावर पडली होती. ती उठली, त्याच्या उशाजवळच्या खिडकीची काच लावून घेतली, बाहेर जाऊन त्या काचेशी उभी राहिली आणि फडकं सोडलं.

तो बघत राहिला. त्याचे ओठ हलले. प्रार्थना होती की तिचं नाव, काचेतून काही ऐकू आलं नाही. मग ते थांबले.

तिनं फडकं पुन्हा घट्ट बांधलं आणि ती आत गेली. त्याचे उघडे राहिलेले डोळे तिलाच मिटायचे होते.