सातव्या होलखालची गुरं

पटलं तर घ्या, पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. पदरचं एक अक्षर घालत नाही.

मामा गावाबाहेरच्या गोल्फ क्लबवर हिरवळ सांभाळायचा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तो सातव्या होलची, म्हणजे चेंडू पडायच्या खड्ड्याची, जागा बदलत होता. मैदानावर एकटाच.

त्याने नवा खड्डा पाडला. माती निघाली ती काळी, चिकट... आणि कुजक्या चरबीचा भपकारा.

एकाएकी पाखरं गप्प झाली.

मग खालून कुणीतरी श्वास सोडला... जड, लांब.

"घूस असेल," मामा पुटपुटला. उरलेली माती काढायला त्याने हात आत घातला.

खड्डा वीतभरच होता. हात मात्र कोपरापर्यंत गेला...

आणि त्याचा तळहात कुणीतरी चाटला.

खरखरीत, गरम जीभ. सावकाश. गाय चाटते तशी.

मामा धावत सुटला तो थेट गुरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दारात. हाताला लाळेच्या तारा लोंबत होत्या.

डॉक्टरांनी तो हात पाहिला आणि आधी दार लावून घेतलं.

"क्लबच्या आधी तिथे गोठे होते. साथ आली. मालकाने चर खणून गुरं त्यात लोटली."

"मेलेली ना?"

"सगळी नाही रे. खालून हंबरत होती. मालक म्हणाला, होतील गप."

त्याच मालकाचा फोटो क्लबच्या हॉलमध्ये आहे. संस्थापक म्हणून!

मामाने सेक्रेटरीला सगळं सांगितलं. त्याने नाक मुरडलं. "उद्या पाहुणे आहेत. वाळू टाक, सुगंधी फवारा मार."

मामाने किल्ल्या त्याच्यासमोर आपटल्या. "इथे थुंकायलासुद्धा येणार नाही!"

दुसऱ्या दिवशी मामाचं सामान आणायला मी गेलो. सातव्या होलवर टाळ्या पडत होत्या. एका खेळाडूने चेंडू काढायला हात आत घातला...

दचकला.

बोटांकडे पाहिलं. चिकट तार... मग हसून हात पँटला पुसला, त्याच हाताने सँडविच खाल्लं आणि बोटं चाटली.

मी कुंपणाशीच भडाभडा ओकलो.

मामा त्या हाताने अजून जेवत नाही. घासून घासून कातडं सोललंय.

"अहो, गेला आता वास," परवा मामी म्हणाली.

मामाने तळहात नाकाशी नेला. "तुला येत नाही."

मी हळूच खुर्ची मागे सरकवली.

मला येत होता...