मानेच्या वर तेवीस सेकंद

"बाई, सिलिंडर गाडीत चालत न्हाई." कंडक्टरने दारात हात आडवा धरला.

"हे सिलिंडर नाही. आत द्रव नत्र आहे. उणे एकशे शहाण्णव अंश..."

"मंग तर लईच चालत न्हाई!"

नांदेडच्या बसस्थानकावर एप्रिलचं ऊन नुसतं ओतत होतं. प्रयोगशाळेची गाडी वाटेत बंद पडली होती. पायाशी कंटेनर, आणि त्यात सहा कुप्या. मी पुन्हा पहिल्यापासून समजावू लागले, तेवढ्यात मागून आवाज आला —

"लातूरला ना, मॅडम? मी नत्र घेऊनच चाललो. तुमचं बी जीपमधी बसंल."

पशुधन पर्यवेक्षक अश्वजित. जनावरांच्या दवाखान्यांना नत्र पोचवणं हे त्याचं काम. अनोळखी माणसाच्या जीपमध्ये मी बसत नाही. पण माझा कंटेनर उचलण्याआधी त्याने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवून दव जमलंय का ते पाहिलं... मी बसले.

"कुणाचं बीज हाय?"

"बीज नाही, पेशी. शेतकरी गुरुबसप्पांच्या देवणी जातीच्या वळूच्या कानाच्या कातडीतल्या."

जीप मंदावली. "तो तर मागच्या महिन्यात गेला."

"हो. आता एवढ्याच उरल्यात."

"मला दोनदा शिंगावर घेतलं होतं त्यानं." त्याने गिअर बदलला. "लई गुणाचा होता."

मला हसू आलं. मग त्याने विचारलं म्हणून सांगत गेले. पेशीतलं पाणी गोठलं की त्याचे टोकदार स्फटिक होतात. ऊब लागली की लहान स्फटिक मिळून मोठे होतात आणि पेशीचा पडदा फाडतात. मी कुप्यांमध्ये कार्बनचे अतिसूक्ष्म कण घातले होते. केसाचे उभे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एकाएवढे. ते स्फटिकाच्या कडेला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत.

"म्हंजे पहारेकरी."

"तसं म्हणा."

"आणि पहारेकऱ्यांवर पहारा तुमचा!"

चाकूरला चहासाठी थांबलो. उन्हात नत्र किती उडालं ते पाहू म्हणून त्याने माझ्या कंटेनरचं झाकण काढलं, कुप्यांचा कॅनिस्टर, म्हणजे आतला लांब दांड्याचा डबा, वर उचलला. पांढरी वाफ त्याच्या मनगटावरून खाली घरंगळली. कॅनिस्टर कंटेनरच्या मानेच्या वर दहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, हे आम्हा दोघांनाही पाठ.

तो मात्र माझ्याकडे पाहत होता.

"एक सांगू? मघाशी कंडक्टरशी भांडताना तुमचा आवाज एकदा बी चढला न्हाई. मी मागं उभं राहून ऐकून राहिलो होतो... वाटलं, या बाईशी भांडण झालं तर आपणच हरणार." तो ओशाळला. "हरायला आपली काही हरकत न्हाई म्हणा."

"खाली घ्या!" मी म्हणाले.

त्याने हाताकडे पाहिलं. कॅनिस्टर खाली गेला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसूही गेलं.

जीप पुन्हा रस्त्याला लागली. माझे कण इतक्या उन्हात, अर्धवट ऊब लागताना टिकतात का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. तो वळू आता कुठून आणायचा? लातूर आलं, क्लासच्या पोरींचे घोळके आडवे आले, हॉर्न वाजत राहिले. मला फक्त कुप्या दिसत होत्या.

प्रयोगशाळेत एक कुपी सदतीस अंशांच्या पाण्यात धरली. निळा रंग मिसळला. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत चमकतात. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली... आणि डोळा लावायचा धीर होईना.

अश्वजित दारातच उभा होता. "चूक माझी हाय, मॅडम. तसंच लिहा वर. नोकरी गेली तर जाऊ द्या."

"तेवीस."

"काय?"

"तेवीस सेकंद वर होता. घाबरले की मी मोजते. दहा झाले, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग... बोलल्या का न्हाई?"

आता वाटली ती भीती कुप्यांची नव्हती. खोटं सांगणं सोपं होतं.

"तुमचं वाक्य संपायचं होतं," मी म्हणाले. "मला ते... पूर्ण ऐकायचं होतं."

तो हळूच आत आला, टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. "बघा आता. मी हाय इथं."

मी डोळा लावला. आधी निळंच दिसलं. मग भिंग जरा फिरवलं... चमकते गोल ठिपके. एक, चार, अकरा. दोनदा मोजलं. शंभरात एकोणऐंशी.

"सांगा की!"

"जगलाय तुमचा शिंगवाला."

तो मटकन स्टुलावर बसला आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं.

मी नोंदवही ओढली. पेशी वाचल्या तरी चूक लिहायचीच असते. 'चाकूर. कॅनिस्टर मानेच्या वर, तेवीस सेकंद. जबाबदार —' पुढे माझं नाव लिहिलं. लुंबिनी. त्याने पेन घेतलं आणि शेजारी स्वतःचं लिहिलं. जरा वेळ बघत बसला.

"आमच्याकडं अशी दोन नावं शेजारी लिहिली की लोक लग्नाची पत्रिका समजतात."

"तुमच्याकडं म्हणजे?"

"...हिमायतनगरला."

छातीत धडधडत होतंच. वही मिटायला हात पुढे केला, तर तिच्यावर त्याचा हात होता. माझा तिथेच राहिला. या वेळी मी मोजलं नाही.