गुडघ्याएवढी रोपं कुठे गेली?

"पाटी नाही, बाण नाही, साधी पायवाटसुद्धा नाही. याला काय रान म्हणायचं?"

केतकीच्या कानाशी झोळ्या पुटपुटत होता. झोळ्या म्हणजे आबांचं सामान वाहणारा चार पायांचा रोबो. एरवी उपग्रहाला विचारून वाट शोधण्यात तो पटाईत. पण या देवराईत (देवाच्या नावानं राखलेल्या रानात) झाडी इतकी दाट, की उपग्रहाचा संदेशच खाली पोचेना. त्यात आबांनी वेशीवर त्याचे रबरी तळवे काढून ठेवले होते.

"देवराईत चपला घालत नाहीत," आबा म्हणाले होते.

"पण मी यंत्र आहे!"

"चालतोस ना? मग काढ."

केतकीचे आजोबा, म्हणजे आबा, वनस्पतिशास्त्रज्ञ. केतकीच्या जन्माआधीपासून ते इथली तीन रोपं बघायला येत. गेली दोन वर्षं मात्र येणं जमलं नव्हतं. का, ते घरात कुणी बोलत नसे. "थकलेत ते," एवढंच. आणि या वेळी आबांनीच जाहीर केलं होतं, "रोपं सापडली नाहीत, तर माझं रानात येणं संपलं." निघताना आईनं केतकीला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हात सोडू नकोस त्यांचा. आणि काही विचारत बसू नकोस."

"आबा, पायवाट का नाही इथे?" एवढं तरी तिनं विचारलंच.

"सगळे एकाच जागी चालले, की माती दबून टणक होते. मग बी रुजणार कुठे? म्हणून इथे ज्यानं त्यानं वेगळं चालायचं. जुन्या माणसांनी कारण सांगितलं नाही, नुसती रीत घालून दिली. उपकारच म्हणायचे."

पायाखाली ओला, गार पाचोळा होता. चालता चालता आबा एकदम थांबले. तळवा मातीवर टेकवून उभे राहिले.

"केतकी, जमीन गरम लागतेय. कुठलं झाड पडलं गं इथे?"

केतकी बघतच राहिली. समोर तिच्याहून उंच बुंधा आडवा पसरला होता. वर आभाळाचा मोठा तुकडा दिसत होता. तिनं झोळ्याकडे पाहिलं. झोळ्यानं मान वळवली.

"बेहडा," ती हळूच म्हणाली.

"अरेरे. थोरला होता हो. बरं, पलीकडे भोकाचा कातळ असेल. त्याच्या अंगाला तीन रोपं, रानजायफळाची, गुडघ्याएवढी."

बुंध्याला वळसा घालून झोळ्यानं कातळाभोवती तीन फेऱ्या मारल्या. "गुडघ्याएवढं रानजायफळ इथे एकही नाही."

आबा बुंध्याला टेकून खाली बसले. केतकीही कातळाभोवती फिरली. गुडघ्याएवढं खरंच काही नव्हतं. होती ती तीन उंच, सडपातळ झाडं. तिच्या डोक्यापर्यंत पोचलेली.

"आबा, गुडघ्याएवढी नाहीत. पण माझ्याएवढी आहेत!"

तिनं हात धरून त्यांना नेलं. आबांनी एकेका पानावरून बोट फिरवलं, एक पान न तोडता हुंगलं, आणि त्यांचा चेहराच उजळला.

"अगं, हीच ती! पंधरा वर्षं गुडघ्याशी थांबली होती लबाडं."

"पंधरा वर्षं? का?"

"झाड उजेडापासून अन्न तयार करतं. त्याला म्हणतात प्रकाशसंश्लेषण (उजेडावरचा स्वयंपाक). थोरल्या झाडांचे शेंडे मिळून वर छत्र (पानांचं छप्पर) धरतात. खाली उजेडाचे नुसते कवडसे. तेवढ्यावर जीव तगतो, वाढ होत नाही. मग ही रोपं काय करतात? थांबतात. चार पानं धरून, वर्षानुवर्षं."

"आणि बेहडा पडला, तेव्हा छपराला भोक पडलं!"

"हां! उजेड खाली आला. झोळ्या, मोज बरं."

"आतल्या झाडीच्या तीसपट," झोळ्या म्हणाला. आणि जरा मऊ आवाजात, "रान बरं आहे तसं."

"बघ, इथे नवं झाड लावायला कुणी यावं लागलं नाही. ते आधीच उभं होतं. आता बुंधा कुजेल, त्याची माती होईल, तीही यांनाच. तू माझ्या वयाची होशील ना, तेव्हा इथे परत सावली असेल." आबांनी कोवळ्या खोडाला हात जोडले. मग बुंध्याच्या दिशेनं. दिशा थोडी चुकली.

"यांची आताची पानं कशी आहेत गं?"

"तुम्हीच बघा ना," असं केतकीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

आबा हसले. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"मला दिसत नाही, केतकी. तू सांग."