दुसरी ओळ

सौंदडच्या धानाच्या बांधीत ऐकलेला तो आवाज दुर्गेशच्या कानातून कधी गेलाच नाही. तेव्हा तो पाच वर्षांचा, शेताच्या धुऱ्यावर, कडेला बसलेला. माय वाकून पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, रोवणी करायची आणि पहिली ओळ सोडायची, "हिरवा हिरवा पऱ्हा, हाती घेतला वो बाई." मग थांबायची. बांधीच्या दुसऱ्या टोकाहून शांतीमावशी झेलायची, "थंड थंड चिखल, पाय रोवला वो बाई." सोडलेली ओळ कोणीतरी झेललीच पाहिजे, असा बायांचा नेम. न झेललेली ओळ भटकत राहते म्हणे.

त्याच हंगामात मावशी गावच्या तलावात बुडाली. त्यानंतर माय गायली नाही.

आता बत्तीस वर्षांनी माय, देवकाबाई, पुन्हा गाणार होती. गुरुवारी नागपुरात तिच्या घशाचं ऑपरेशन होतं, आणि गाठीसोबत आवाजही जाणार होता. आज मंगळवार. त्याआधी तो आवाज दुर्गेशला रेकॉर्ड करून ठेवायचा होता.

दुर्गेश लग्नमंडपात साउंड लावायचा. मैदान भरून टाकणं त्याला येत होतं, खोली गप्प करणं नाही. फुलचूरच्या घरातल्या मागच्या खोलीत त्याने टाळी वाजवली, तर सिमेंटच्या भिंतींनी ती टण्णकन परत फेकली. मग त्याने भिंतींना वाकळी टांगल्या, कोपऱ्यात धानाची पोती रचली, दाराला गादी उभी केली.

"गानं भरून राहिले का कोंबडी बसवून राहिले?" बायको प्रेरणा म्हणाली. माय हसली, मग खोकली. प्रेरणा बाजारात निघून गेली.

आता टाळी जागीच विझत होती.

मित्राचा कंडेन्सर माईक श्वाससुद्धा टिपायचा. माय गायली. पहिली ओळ, मग सवयीने थांबली, मग पुढची.

दुर्गेशने हेडफोन लावून ऐकलं. ती थांबली होती तिथे कोणीतरी दुसरी ओळ म्हणत होतं. बारीक, लांबून, आणि मागे घुमारा, उघड्या पाण्यावरून यावा तसा. पोत्यांच्या खोलीत घुमारा येईलच कसा?

"माय, दुसरी ओळबी तूच म्हनली का?"

"नाही. ते माही ओळ नोहे."

शेजारचा आवाज शिरला असेल. त्याने मंडपातला जुना माईक काढला. तो ओठाशी धरला तरच ऐकतो, चार हातांवरचं काही घेत नाही.

"पुन्हा म्हन, माय."

"काऊन रे? झालं नाही का?"

"बरोबर नाही आलं."

ती गायली. या वेळी दुसरी ओळ जवळ होती, माईकला ओठ लागावेत इतकी. माय मात्र लांब गेली होती. बांधीच्या दुसऱ्या टोकाला.

त्याने तार तपासली. माईक मायच्या हातातच दिला.

"अखरीचं, माय."

तिचे ओठ हलू लागले. गळ्याच्या शिरा ताणल्या.

लॅपटॉपवरची आवाजाची रेघ सरळच राहिली.

ती थांबली, आणि रेघ उठली.

हेडफोनमध्ये मावशी होती. पण या वेळी तिने पहिली ओळ सोडली, "हिरवा हिरवा पऱ्हा, हाती घेतला वो बाई."

आणि ती थांबली.

झेलायची वाट पाहत.

मायच्या कानाला हेडफोन नव्हता. तरी तिने हातातल्या माईककडे पाहिलं, आणि तो अलगद मांडीवर ठेवला.

"म्हन ना, माय," दुर्गेश म्हणाला. त्याचाच आवाज त्याला परका वाटला.

"नाही होत माह्यानं."

त्याने हेडफोन काढला. मायचा आवाज पार बसला होता. रेघ सरळ होती, तिचं एक अक्षर त्यात जात नव्हतं.

"त्या दिवशी बाया म्हनल्या, आता पहिली ओळ शांतीच सोडन, देवकापेक्षा तिचा गळा गोड. मले लागलं ते. संध्याकाळी ते तलावावर पाय धुवाले गेली. मी तलावाच्या पारीवरच होती, काठाले, झाडाआड." तिने पदराने ओठ पुसले. "सात हाका मारल्या तिनं, माहं नाव घेऊन. मी एकबी झेलली नाही."